सोळा घरांचा समुद्र

तांडेलाच्या मुलाला समुद्र लागतो, असं कुठे ऐकलंय का तुम्ही? मला लागायचा. एकदोनदा नव्हे, दर खेपेला. होडी बंदरातून निघून जरा खोल पाण्यात गेली की मी काठावर ओणवा, आणि पोटात जे काही असेल ते माशांना. खलाशी म्हणायचे, "तांडेल, ह्याला रोज आना. जालं टाकायच्या आदी चारा पडतो." वडील तेवढ्यापुरते हसायचे. पण परत येताना माझ्याकडे न बघता सुकाणू धरून बसायचे. त्या न बघण्याची मला उलटीपेक्षा जास्त भीती वाटायची.

मग मी शिकलो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात चिकटलो. सरावलीत एक खोली घेतली. माझ्याबरोबर आमच्याच कारखान्यातला, उत्तर भारतातला एक फिटर राहायचा. सुट्टीच्या दिवशी सायकलने किनाऱ्यावर घरी जायचं, दोन वेळा बोंबील खायचे आणि संध्याकाळी परत यायचं. समुद्र दिसायचा तो किनाऱ्यावरून. तिथून तो मला कधीच लागला नाही.

नव्वदच्या आसपास वडिलांचा गुडघा गेला. सुकाणूवर बसता येईना. एकुलता एक मुलगा सोल्डरिंग गन धरून बसलेला. होडी चालवणार कोण? एका मोसमाच्या शेवटी ती उत्तरेकडच्या, गुजरातच्या बाजूच्या लोकांनी विकत नेली. ती नेली त्या दिवशी मी कामावर होतो. मुद्दाम रजा घेतली नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही.

त्यानंतर वडील बंदरावर जायचे थांबले. आमचं घर असं, की दार उघडलं की समोर वाळू. तरी ते मागच्या दाराने निघायचे, वाडीतून वळसा घालून रस्त्याला लागायचे आणि दुकानातून तंबाखू घेऊन त्याच वाटेने परत यायचे. समुद्राकडे पाठ करून ओटीवर बसायचे, लोकांची जाळी शिवत. होडीबद्दल एक शब्द नाही. आई म्हणायची, "बोलत नाय म्हंजे लय बोलतो हाय मनात." मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा त्या होडीचं नाव काढावं, चार शिव्या द्याव्यात, मला दिल्या तरी चालतील, आणि पुढच्या दाराने बाहेर पडावं.

आता त्या बोर्डाबद्दल सांगतो.

आमच्या विभागात एक मायक्रोकंट्रोलरचा डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे छोट्या संगणक-चिपवर प्रयोग करायचा बोर्ड, आला होता. पाटीएवढा हिरवा तुकडा. त्यावर कॅलक्युलेटरसारखी बटणं आणि वरच्या बाजूला त्याचाच एक छोटा स्क्रीन. शेवाळी पिवळ्या रंगाचा, दोन ओळींचा. प्रत्येक ओळीत सोळा घरं, एका घरात एक अक्षर. त्यावर भट्टीचं तापमान दाखवायचं काम माझ्याकडे होतं. ते मी आठवड्यात केलं आणि उरलेल्या वेळात नको तिथे हात घालायला सुरुवात केली. ही माझी जुनी खोड.

त्या स्क्रीनमध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे तयार होते. पण माहितीपुस्तकात शेवटी बारीक टायपात लिहिलं होतं की आठ अक्षरं तुम्ही स्वतःची बनवू शकता. प्रत्येक घर म्हणजे आडवे पाच आणि उभे आठ ठिपके. कुठला ठिपका काळा, कुठला कोरा, ते तुम्ही ठरवायचं. फक्त आठ. नववं अक्षर हवं असेल तर आधीच्यातलं एक पुसायचं.

दुसरा कोणी असता तर त्याने मराठी अक्षरं बनवली असती, कंपनीचं बोधचिन्ह बनवलं असतं, साहेबाला खूश केलं असतं. मी होडी बनवायला घेतली.

आलेखाचा कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि बसलो. पहिल्याच मिनिटाला कळलं की मला होडी आठवत नाही. ज्या होडीत मी आयुष्यातली निम्मी जेवणं टाकली, तिची पुढची बाजू, म्हणजे नाळ, किती वर वळते हे मला सांगता येईना! सुट्टीच्या दिवशी बंदरावर गेलो आणि ओढून ठेवलेल्या होड्यांशेजारी वीत आणि बोटं लावून मोजू लागलो. बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांची करमणूक झाली.

"काय रं, होडी इकत घेतो काय?"

"नाय मावशी, चित्र काढायचंय."

"ऐकलं काय गो? तांडेलाचा पोर, नि नाळ बोटांनी मोजतो! बापाला इचार की."

बापाला विचारायची सोय असती तर बोटं कशाला लावली असती?

शेवटी ती आठ अक्षरांत बसवली. मागचं टोक, पोट आणि नाळ मिळून तीन. पोट दोनदा वापरायचं, म्हणजे होडी लांब दिसते. शिडाची तीन. सातवा बावटा. आमच्याकडे प्रत्येक होडीचा आपला बावटा असतो, किनाऱ्यावरच्या बायका लांबूनच त्यावरून ओळखतात कोणाचं माणूस आलं ते. आमचा निम्मा काळा, निम्मा पिवळा. आणि तो स्क्रीन पिवळाच, ठिपके काळे! सगळ्या बंदरातला एकच बावटा त्या स्क्रीनवर खऱ्या रंगात आला असता, तो आमचा. हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून एक चक्कर मारून आलो. आठवी लाट. ती खालच्या ओळीत सगळीकडे पसरायची.

हे सगळं आकड्यांत रूपांतरित करून एकेक बटण दाबून बोर्डात भरायचं. चारपाच पानं आकडे. वीज गेली की सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा पहिल्या पानापासून. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी ओळी खालून वर भरल्या होत्या. स्क्रीनवर आमची होडी उलटी. तळ आभाळाकडे, शीड पाण्यात. बाजूला उभा असलेला फिटर खो खो हसला. मी इतक्या जोरात वायर उपटली की प्लग भिंतीतून अर्धा बाहेर आला. उलटी होडी आमच्या घरात कोणी पाटीवर सुद्धा काढत नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. फिटरला वाटलं, बोर्ड जळला म्हणून.

दुसऱ्या खेपेला ती सरळ उभी राहिली. मग चालायला शिकवली. अर्ध्या सेकंदाला एक घर, डावीकडून उजवीकडे. इथे एक गंमत आहे, ती नीट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. स्क्रीनवर सोळा घरं दिसतात, पण आत प्रत्येक ओळीला चाळीस घरं असतात. उरलेली चोवीस झाकलेली. होडी उजव्या काठावरून नाहीशी झाली की ती संपत नाही. ती त्या चोवीस घरांतून चालत राहते आणि मग डाव्या काठाने पुन्हा येते. मधल्या बारा सेकंदांत स्क्रीनवर नुसतं पाणी.

दसरा जवळ आला होता. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा, आणि कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला मोकळीक. मी घरी जाऊन सांगितलं, "या दोघं. माझं काम दाखवतो." आई लगेच तयार. वडील जाळ्यातली गाठ मारत म्हणाले, "तुज्या त्या कारखान्यात बगायचं काय?"

"या तर खरं."

"बगू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. पण दसऱ्याला सकाळी गेटवर पाहतो तर आई नवं लुगडं नेसून, आणि मागे वडील, पांढरी टोपी, गुडघ्याला फडकं बांधलेलं.

मी त्यांना यंत्रांच्या ओळीपाशी उभं केलं आणि बोर्ड नीट मांडायला धावलो. साहेब तिथेच होते. पुण्याचे, सज्जन माणूस. होडी बघून म्हणाले, "छान आहे हो. पण हा मध्ये बारा सेकंद रिकामा राहतो स्क्रीन. लोकांना वाटेल बिघडलाय. तेवढं कमी करा."

मला ते पटलं. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. वडील थांबणारे नव्हते. स्क्रीनवर काही दिसलं नाही तर ते 'झालं?' म्हणून वळले असते आणि मागच्या दाराने निघाले असते, कारखान्याला मागचं दार नव्हतं तरी. म्हणून झाकलेल्या घरांसाठी थांबण्याचा वेगळा आकडा टाकला. दिसताना प्रत्येक घरावर दहा मोजायचे, म्हणजे अर्धा सेकंद. झाकलेलं असताना शून्य. शून्य मोजायचं, म्हणजे थांबायचंच नाही. इकडून गेली की तिकडून आली.

पुन्हा चालवून बघितलं का? नाही. पुजारी आले होते, हार घालणं चाललं होतं, आणि मी हुशार होतो.

"आई, बाबा, इकडे या."

वडील बोर्डासमोर आले. वाकले. मी बटण दाबलं. डाव्या काठावर होडी उभी राहिली, बावट्यासकट. वडिलांनी डोळे बारीक केले. ते स्क्रीनकडे नव्हे, बावट्याकडे बघत होते. होडी चालू लागली. एक घर, दुसरं घर.

आई हळूच म्हणाली, "कोन नाय तिच्यात."

तेव्हा मला दिसलं. आठ अक्षरं मी लाकडाला, शिडाला, पाण्याला वाटली होती. माणूस राहून गेला होता. बंदरावर वाढलेल्या माणसाने रिकामी होडी काढली होती, चालती, शीड भरलेली, आणि ती दाखवायला आईला बोलावलं होतं.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोवर होडी उजव्या काठाला लागली. नाळ गेली, पोट गेलं, शेवटी बावटा गेला. पाणी उरलं.

मी मनात म्हटलं, आली आता.

आली नाही.

दहा सेकंद, वीस सेकंद. काय झालं होतं ते मला फार नंतर कळलं. तो कंट्रोलर मोजताना आधी एक वजा करतो आणि मग बघतो शून्य झालं का. शून्यातून एक वजा केला की तो थेट दोनशे पंचावन्नवर जातो आणि तिथून एकेक करत खाली उतरतो. म्हणजे त्याच्या हिशोबात शून्य हा सगळ्यात छोटा आकडा नाही, सगळ्यात मोठा. मी वाट बघणं पुसायला गेलो होतो आणि त्या यंत्राला जमेल तेवढी लांब वाट मी त्याला बघायला लावली होती. प्रत्येक झाकलेल्या घरावर बारातेरा सेकंद, अशी चोवीस घरं.

पण त्या वेळी मला एवढंच कळत होतं की होडी गेली आणि परत येत नाहीये. कोपऱ्यात रिसेटचं लाल बटण होतं. ते दाबलं की होडी पुन्हा डाव्या काठावर, जसं काही झालंच नाही. मी हात पुढे केला.

वडिलांनी मनगट धरलं. सुकाणू धरणारा हात. गुडघा गेला होता, पकड नव्हती गेली.

"हात नको लावू."

"बाबा, बिघडलंय ते. पुन्हा चालू करतो."

"गेलीय ना ती? मंग यील."

त्यांनी बाजूचं स्टूल पायाने ओढलं आणि बसले. मागे आरती सुरू झाली, घंटा, टाळ्या. सगळे तिकडे वळले. आम्ही तिघं पाण्याच्या दोन बोटं लांब ओळीकडे बघत. मध्येच फिटर पेढ्याचा कागद घेऊन आला. त्याने वाकून बघितलं.

"क्या चाचा, नाव डूब गई क्या?"

वडिलांनी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. आई मात्र फिरली. तिला हिंदी येत नव्हतं, पण हे कळलं. "जीब आवर रं मेल्या! सनाच्या दिशी असं बोलतात?" फिटर पेढे तिथेच ठेवून पळाला. त्यानंतर कितीतरी दिवस तो मला विचारायचा, तेरी माँ गुस्सा क्यों हुई?

मी आईकडे बघितलं. डोक्यावर ट्यूबलाइट होती, ऊन कुठेच नव्हतं, तरी तिने कपाळावर आडवा हात धरला होता. बंदरावर बायका उभ्या राहतात तशी. मी लहान असताना तिचं तसं उभं राहणं रोज बघितलं होतं आणि ती काय बघते आहे हे कधी विचारलं नव्हतं.

"कंच्या बाजूला गेली?" वडिलांनी विचारलं.

"उजवीकडे."

"उत्तरेला," ते म्हणाले. आमच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात उत्तरेला येतो. तिकडेच तर नेली होती तिला. मला हे सुचलं नव्हतं, शपथेवर सांगतो. सोपं पडलं म्हणून उजवीकडे चालवली होती.

आरती संपली, प्रसाद वाटला गेला. साहेब येऊन बघून गेले, माझ्याकडे बघून भुवया वर केल्या आणि पुढे गेले. पाच मिनिटं झाली असतील. घड्याळात पाच. मला ती कॉलेजच्या तीन वर्षांपेक्षा लांब वाटली.

मग डाव्या काठावर नाळ आली.

वडील स्टुलावरून निम्मे उठले. पोट आलं, शीड आलं. बावटा यायचा होता. तो येईपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही. मीही नाही. निम्मा काळा, निम्मा पिवळा आला, आणि आईने कपाळावरचा हात खाली घेतला.

"उत्तरेला गेली, नि दक्षिनेकडून आली," वडील म्हणाले. "कुटनं फिरून आली ही?"

"मागून. न दिसणारी घरं आहेत तिथे."

"हं." मग त्यांनी सुरुवात केली. शीड एवढं ताणत नाहीत. नाळ अजून वर हवी. हा वारा मागचा की बाजूचा, ते ठरव आधी. दीड वर्षात पहिल्यांदा ते होडीबद्दल बोलत होते, आणि सगळं शिव्यांच्या सुरात. मी मान डोलावत होतो. एवढं सुख मला नंतर बढतीतही झालं नाही.

शेवटी म्हणाले, "नि रिकामी कसी? मानूस कुटं हाय?"

मी आठ अक्षरांचं गाऱ्हाणं सांगितलं. नववं हवं तर एक पुसावं लागेल. शिडाचं एक काढू? बावटा काढू?

त्यांनी थोडा वेळ विचार केला. खरोखर, एखादा इंजिनियर करतो तसा.

"पानी काड."

"पाण्याशिवाय होडी?"

"पानी असतंच. दाखवाया कशाला लागतं? तांडेल नसला तं होडी येत नाय."

परत जाताना मी त्यांना टेम्पोत बसवलं. नेहमी ते वाडीच्या वळणाशी उतरायचे. आईने पुढच्या सुट्टीत सांगितलं की त्या दिवशी ते वळणाशी उतरले नाहीत. शेवटपर्यंत गेले, बंदरापर्यंत. ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत टोपी काढून बसले. आल्या होड्यांचे बावटे बघत बसले. आमचा नव्हता त्यांत. तरी भरती चढेपर्यंत बसले आणि पुढच्या दाराने घरी आले.

मी पाणी काढलं. लाटेच्या जागी माणूस बसवला, मागच्या टोकाला, बावट्याजवळ. पाच बाय आठ ठिपक्यांत माणूस म्हणजे काय असणार? डोकं, वाकलेली पाठ, पुढे केलेला एक हात. डोक्यावर एक ठिपका जास्त टाकला. ती टोपी.

तो त्यांना दाखवायचा राहिला. पुढच्या दसऱ्याला आणतो, म्हटलं होतं. त्या पावसाळ्यात ते गेले. गुडघ्याने नाही, छातीने. बंदरावर जाणं शेवटपर्यंत सुरू होतं.

मी कामावर परत आलो तेव्हा बोर्डातलं सगळं पुसलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवला आणि वहीतले आकडे पहिल्या पानापासून भरले. तोवर मला त्या शून्याची भानगड कळली होती. तिथे एक टाकला असता तर होडी लगेच परत आली असती. पेन्सिलीने वहीत तशी खूणही केली होती.

शून्यच भरलं.

होडी निघाली. मागे माणूस. सोळा घरं चालून उजव्या काठाला गेली. नाळ, पोट, बावटा, आणि सगळ्यात शेवटी तो वाकलेला. स्क्रीन कोरा झाला, आता तर पाणीही नव्हतं. फिटर समोरच्या बाकावर भाकरी खात होता. कोऱ्या स्क्रीनकडे बघून त्याने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. रिसेटचं बटण अंगठ्याच्या जवळ होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिलो.